येऊरची वाट आणि शिडी घाट

ठाण्यातल्या ट्रेकिंगच्या गटांवर दर गुरुवारी-शुक्रवारी जे संदेश फिरतात, त्यांत गडाचे नाव, लोकलची वेळ आणि वर्गणी यांच्याबरोबर एक ओळ ठरलेली असते: श्रेणी सोपी, मध्यम किंवा कठीण. ही श्रेणी गुडघ्यांसाठी, दमासाठी आणि काही अंशी आयोजकांच्या जबाबदारीसाठी उपयोगाची असते, यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे एक समजूत आपल्या मनात नकळत पक्की झाली आहे: वाट जितकी कठीण तितका मनाला होणारा लाभ मोठा, आणि सोपी वाट म्हणजे ज्यांना कठीण जमत नाही त्यांची केलेली सोय. मला हे मान्य नाही. सोपी आणि कठीण वाट मनावर दोन वेगवेगळी कामे करतात, आणि हा फरक कशामुळे पडतो याचे उत्तर माझ्या मते फार साधे आहे. चालताना आपली नजर कुठे असते, यावर तो अवलंबून असतो.

ठाण्याच्या उपवन तलावाकडून येऊरच्या डोंगरावर चढणारा रस्ता घ्या. रस्ता डांबरी आहे, चढ बेताचा आहे, आणि वरच्या पाड्यांच्या आजूबाजूच्या पायवाटा इतक्या मळलेल्या आहेत की पाऊल कुठे टाकायचे याचा विचार करावा लागत नाही. त्यामुळे डोळे मोकळे राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेल्या रानात पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली असतात, काटेसावरीच्या फुलांवर कोतवाल, साळुंक्या आणि बुलबुल यांची झुंबड असते, कुठून तरी तांबटाचा एकसुरी ठोका ऐकू येत असतो. यांपैकी कशाकडेही मुद्दाम लक्ष द्यावे लागत नाही. लक्ष आपोआप जाते, थोडे रेंगाळते आणि सुटते. मिशिगन विद्यापीठातील स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये जी उपपत्ती सविस्तर मांडली, तिच्या मुळाशी हेच निरीक्षण आहे. एक लक्ष आपण प्रयत्नपूर्वक लावतो, म्हणजे हिशेब तपासताना, गाडी चालवताना, बैठकीत कोण काय म्हणाले हे टिपताना. ते लावण्यासाठी बाकीच्या गोष्टी मनाबाहेर ढकलाव्या लागतात आणि म्हणून ते थकते. दुसरे लक्ष वेधले जाते, त्याला कष्ट पडत नाहीत. पाने, पाणी, ढग आणि पक्षी यांच्याकडे वेधले जाणारे लक्ष सौम्य असते, ते मनाला पूर्ण व्यापून टाकत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेले प्रयत्नपूर्वक लक्ष विश्रांती घेते.

या उपपत्तीची एक कसोटी २००८ मध्ये त्याच विद्यापीठात घेतली गेली. मार्क बर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना साधारण पाऊण-एक तास एका वृक्षोद्यानात आणि दुसऱ्या वेळी त्याच शहराच्या गजबजलेल्या भागात चालायला पाठवले, आणि परत आल्यावर ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले. झाडांतून चालून आल्यावर ही कामगिरी सुधारली, रस्त्यांवरून चालून आल्यावर तशी सुधारली नाही. मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. हा फायदा चालणाऱ्याच्या मनःस्थितीवर किंवा हवामानावर अवलंबून नव्हता. कडाक्याच्या थंडीत, फारशी मजा न वाटता चाललेल्यांनाही तो मिळाला. एप्रिल-मेच्या ठाण्यात, सकाळी सातलाच अंग चिकट झालेले असताना, येऊरचा चढ चढणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. छान वाटले नाही म्हणजे उपयोग झाला नाही, असे नसते.

येऊरला नेमाने येणाऱ्यांमध्ये आमच्या सोसायटीतले एक सत्तरीचे काका आहेत. वर्षानुवर्षे तीच वाट, तोच थांबा, तोच परतीचा रस्ता. मी त्यांना एकदा विचारले, ‘‘काका, रोज तेच बघून कंटाळा येत नाही का हो तुम्हाला?’’ ते म्हणाले, ‘‘येतो ना. कंटाळा यावा म्हणून तर येतो. घरी कंटाळा यायला सवड कुठे आहे?’’ मला हे उत्तर तेव्हा विनोदी वाटले होते. आता वाटते की, सोप्या वाटेचा खरा गुण त्यांनी नेमका हेरला होता. नवे काहीही समोर येत नसल्यामुळे मन सैल पडते, मागे राहिलेली कामे, अर्धवट राहिलेली बोलणी, एखाद्या पत्राचे नेमके शब्द असे काहीबाही त्यात वर येते आणि आपापल्या जागी बसते. माझे काम वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयात हिशेब तपासण्याचे आहे, आणि मार्चअखेरीस ज्या नोंदी टेबलाशी बसून जुळत नाहीत, त्या कुठे चुकल्या असाव्यात हे मला बऱ्याचदा येऊरच्या उतारावर सुचते.

अर्थात सैल पडलेले मन नेहमी चांगल्या दिशेला जाईलच असे नाही. तेच ते दुःख किंवा तीच ती चिंता उगाळत राहणाऱ्या मनाबद्दल २०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. अडतीस जणांपैकी काहींना नव्वद मिनिटे गवताळ, झाडीच्या परिसरात आणि उरलेल्यांना वाहत्या रहदारीच्या रस्त्याच्या कडेने चालवले गेले. झाडीतून चालून आलेल्यांनी आपले असे उगाळणे कमी झाल्याचे सांगितले आणि त्याच्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या एका भागातली हालचालही मंदावलेली दिसली. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, तरीही एक पुस्ती मी स्वतःच्या अनुभवातून जोडेन: दुःख ताजे असेल, तर सोपी वाट एकट्याने चालू नये. पाय आपोआप चालत असतात, डोळे कुठेच गुंतलेले नसतात, आणि मग मन पुन्हा पुन्हा त्याच दारावर जाते. बरोबर कुणी बोलणारे असले, निदान शेजारून चालणारे असले, की हाच मोकळेपणा उपकारक ठरतो. रविवारी सकाळी येऊरच्या रस्त्यावर लोक मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून चालतात, त्यांच्याबद्दल मात्र मला काही चांगले लिहिता येणार नाही. सौम्यपणे वेधले जाण्यासारखे जे काही तिथे आहे, ते सगळे ते स्वतःसाठी आणि इतरांसाठीही पुसून टाकतात.

आता कठीण वाट. मॅथिस, हेहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना नजर टिपणारी उपकरणे लावून सपाट, मध्यम आणि खडकाळ अशा वाटांवरून चालवले होते. सपाट वाटेवर लोक बराच वेळ जमिनीकडे बघतच नव्हते. वाट खडकाळ झाली तशी त्यांची नजर बहुतेक सगळा वेळ जमिनीवर, साधारण दीड सेकंदाने पाऊल जिथे पडणार तिथे, खिळून राहिली. कर्जतजवळच्या खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या शिडी घाटात चढलेल्या माणसाला हे शास्त्रज्ञांनी सांगण्याची गरज नाही. सुट्या मातीदगडांच्या घसाऱ्यावर, कातळटप्प्यावर किंवा शिडीवर डोळे बांधलेले असतात. तिथे भोवतालचा निसर्ग जवळजवळ दिसत नाही. दिसते ती पुढची खोबण, पुढचा दगड, तो हलतो की नाही, आणि आपला हात. म्हणून कॅप्लन यांनी सांगितलेली सौम्य विश्रांती इथे मिळण्याची शक्यता फार कमी असते. उलट, जे लक्ष थकलेले असते तेच इथे आणखी जोराने वापरावे लागते. आठवडाभर डोके पिळून निघालेल्या माणसाने शनिवारी रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने निघून, न झोपता, एखादा कठीण गड गाठणे हा शरीरापेक्षा मनाच्या दृष्टीने वाईट बेत आहे, असे माझे मत आहे, आणि आमच्या गटातल्या तरुण मंडळींना ते अजिबात पटत नाही.

मग कठीण वाट मनाला काय देते? एक तर, बांधलेल्या डोळ्यांमुळे उगाळायला जागाच उरत नाही. कातळात बोटे रुतवून उभ्या असलेल्या माणसाला सोमवारची बैठक आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७० च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक आणि शल्यविशारद अशा लोकांशी बोलून ज्या तल्लीनतेचे वर्णन केले, तिची अट अशी की समोरचे आव्हान आणि आपले कौशल्य यांचा मेळ बसला पाहिजे. आव्हान कमी पडले तर कंटाळा, फार झाले तर धास्ती. हा मेळ बसतो तेव्हा वेळेचे भान सुटते आणि हालचाल सहज होऊ लागते. इथे एक गोष्ट ओघाने येते, ती अशी की कठीणपणा वाटेत नसतो, वाट आणि माणूस यांच्या नात्यात असतो. खांडसच्या ठाकर आदिवासींच्या मुली डोक्यावर मोळी घेऊन ज्या उतारावरून गप्पा मारत उतरतात, तो उतार आपल्याला बसून उतरावा लागतो.

दुसरे देणे अधिक टिकाऊ आहे, पण ते वाटेवर मिळत नाही. व्यायाम आणि भावना यांचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या पँटेलेइमॉन एकेकाकिस यांनी दाखवले आहे की धाप लागून सलग बोलता येणे बंद होते, त्या मर्यादेपलीकडे गेल्यावर बहुतेक माणसांना बरे वाटेनासे होते. श्रम थांबले की मात्र बरे वाटणे झपाट्याने परत येते. म्हणजे कळसूबाईच्या चढावर ‘हे मी कशासाठी करतो आहे’ असे वाटते, त्यात कमकुवतपणा कसलाच नाही. शरीर आपले काम करते आहे. चढ संपल्यानंतर जे उरते त्याला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विचाराचा आधार आहे. एखादी गोष्ट आपल्याला जमेल हा विश्वास उपदेशाने किंवा दुसऱ्याचे पाहून थोडाफार येतो, पण सर्वांत पक्का येतो तो स्वतः करून पाहिल्याने. आमच्या कार्यालयातील एक महिला सहकारी वरिष्ठांसमोर बोलताना नेहमी अडखळत असत. गोरखगडाच्या माथ्याखालच्या त्या कातळपायऱ्या हाताच्या आधाराने चढून उतरल्यावर, काही आठवड्यांनी, त्यांनी स्वतः होऊन सादरीकरण मागून घेतले. गडामुळेच हे झाले असे मी म्हणणार नाही, पण त्या स्वतः तसे म्हणतात.

कठीण वाट म्हणताना आपण तीन निराळ्या गोष्टी एकत्र करतो, आणि मनाच्या हिशेबात त्या एकत्र करून चालत नाही. पहिला कठीणपणा दमाचा. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर बारी गावातून चढताना वाट स्पष्ट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. लागतो तो चिवटपणा. असा चढ रागावलेल्या माणसाला फार चांगला. दुसरा कठीणपणा वाट शोधण्याचा. माहुलीच्या दाट रानात किंवा प्रबळगडाच्या माथ्यावरच्या झाडीत ढोरवाटा फुटत जातात, आणि आपण बरोबर आहोत की नाही हे सतत ताडून पाहावे लागते. हे काम कार्यालयातल्या कामाच्या जातीचेच असते, त्यामुळे थकलेल्या डोक्याला ते नको वाटते आणि सुस्तावलेल्या डोक्याला अतिशय मानवते. बरोबर माहितगार वाटाड्या असला की हा कठीणपणा जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून वाटाड्याचे पैसे वाचवू नयेत.

तिसरा कठीणपणा दृष्टिभयाचा, म्हणजे एका बाजूला दरी उघडी असल्याचा. पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या दमाच्या दृष्टीने फार मोठ्या नाहीत, वाट चुकण्याचाही प्रश्न नाही. तिथे जे काही आहे ते भय आहे. या भयातून थोड्या थोड्या मात्रेने, ओळखीच्या माणसांबरोबर गेले तर मन निश्चित घडते. पण गेल्या काही वर्षांत सुट्टीच्या दिवशी त्या पायऱ्यांवर रांग लागते, आणि रांग लागली की सगळे गणित उलटते. चालत्या माणसाचे डोळे पुढच्या पायरीवर बांधलेले असतात म्हणून भय आटोक्यात राहते. रांगेत थांबलेल्या माणसाचे डोळे मोकळे होतात आणि सरळ दरीत जातात. सोप्या वाटेचा जो गुण, तो इथे दोष होतो. त्यातून तल्लीनता येत नाही, आत्मविश्वास येत नाही; येते ती कशीबशी सुटका. नव्या माणसाला पहिल्याच खेपेला, गर्दीच्या दिवशी, छायाचित्रासाठी कलावंतीणला नेणारे त्याचे नुकसान करतात असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. आधी काही जमल्याचा अनुभव गाठीशी नसताना आलेले अपयश विश्वास वाढू देत नाही, हेही बंडुरा यांनीच सांगितले आहे. येऊर, मग कर्नाळा, मग पेब किल्ल्याच्या शिड्या, आणि मग गोरखगड किंवा कलावंतीण, हा क्रम कंटाळवाणा वाटला तरी शहाणपणाचा आहे.

दोन्ही वाटांची तुलना एकाच डोंगरावर करायची असेल, तर कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला जावे. तिथून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन प्रसिद्ध वाटा आहेत. गणेश घाटाची वाट लांब, वळसे घेत जाणारी आणि सोपी. शिडी घाटाची वाट आखूड, सरळ अंगावर येणारी, शिड्यांची आणि कातळटप्प्यांची. पदरवाडीच्या पठारावर दोन्ही एकत्र येतात आणि पुढचा शेवटचा चढ सारखाच आहे. एका हिवाळ्यात आमच्या गटाचे दोन भाग झाले आणि ते या दोन वाटांनी गेले. पदरवाडीत भेटलो तेव्हा शिडी घाटातून आलेले मोठमोठ्याने बोलत होते, एकमेकांना तेच ते प्रसंग सांगत होते. गणेश घाटातून आलेले पाणी पिऊन निवांत बसले होते. कोणाला जास्त आनंद झाला असे विचारले असते, तर उत्तर सरळ मिळाले असते. पण बऱ्याच दिवसांनी त्या दिवसाचा विषय निघाला तेव्हा गणेश घाटवाल्यांच्या बोलण्यात रान आले, पदरगडाचे सुळके कुठल्या वळणावरून कसे दिसले ते आले, वाटेत ऐकलेला शेकरूचा आवाज आला. शिडी घाटवाल्यांच्या बोलण्यात दुसऱ्या शिडीनंतरची ती एक जागा आली, आणि तिथे कोणी कोणाला हात दिला ते आले. एका वाटेने रान दिले होते, दुसरीने माणसे आणि आपले हातपाय. पदरगड मी त्या दिवशी शिडी घाटातून पाहिलाच नव्हता, इतका तो शेजारी असूनही.

आठवणीचा विषय निघालाच आहे, तर परतीच्या प्रवासाबद्दलही लिहायला हवे, कारण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना थंडगार पाण्यात हात धरायला लावून दाखवले की अनुभव किती वेळ चालला याला आठवणीत फारसे स्थान नसते. त्याचा सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट, यांवर आठवण ठरते. कठीण ट्रेकचा तीव्र क्षण आपण विकत घेतो, पण शेवट नशिबावर सोडतो. थकलेल्या पायांनी घाईघाईत उतरणे, मग रविवारी रात्री कर्जत किंवा कसाऱ्याहून उभ्याने येणे, किंवा गाडी असली तर शिळफाट्यावर तासभर अडकणे, असा तो शेवट असतो. सोप्या वाटेला ही अडचण नाही. येऊरहून उतरले की अर्ध्या तासात घरी चहा. म्हणून कठीण ट्रेकच्या दिवशी मी माथ्यावरचा वेळ कमी करून पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी ओसरीवर भाकरी-पिठले खात निवांत बसण्याला वेळ ठेवतो, आणि निघताना पहिली सोडून दुसरी लोकल धरतो. लीडरला हा वेळेचा अपव्यय वाटतो.

कोणत्या आठवड्यात कोणती वाट, हे मी आता श्रेणीवरून ठरवत नाही. दिवसभर आकडे बघून डोळे आणि डोके शिणले असेल, चिडचिड होत असेल, वाचलेले वाक्य पुन्हा वाचावे लागत असेल, तर येऊर, किंवा बेलापूरला बहिणीकडे गेलो असलो तर पारसिक डोंगराच्या कडेने सकाळची फेरी. आणि ती महिन्यातून एकदा लांबलचक न करता आठवड्यातून दोन-तीनदा थोडी थोडी, कारण ही विश्रांती झोपेसारखी आहे, साठवून ठेवता येत नाही. कामात काही घडत नसेल, दिवस एकसारखे जात असतील, आपल्याकडून नवे काही होणार नाही असे वाटू लागले असेल, तर कठीण वाट, आणि तीही अशी जिच्यात थोडे अपरिचित असेल. कठीण वाटेचे देणे महिनोन्महिने पुरते, त्यामुळे ती दर शनिवारी चढण्याची गरज मला वाटत नाही. दर आठवड्याला नवा गड सर करणाऱ्यांच्या याद्या बघून मला कधी कधी त्यांच्या सोमवारची काळजी वाटते. घबराटीचे झटके येणाऱ्या किंवा औषधोपचार चालू असलेल्या माणसाने मात्र दृष्टिभयाच्या वाटांबद्दल गटाच्या लीडरला विचारण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पावसाळा ही सगळी वाटणी मोडून टाकतो. जूननंतर येऊरच्या पायवाटांवर शेवाळ धरते, ओहोळ वाहू लागतात, आणि जी वाट मार्चमध्ये डोळे मोकळे सोडत होती तीच आता प्रत्येक पावलाला नजर मागू लागते. संदेशातली श्रेणी मात्र ‘सोपी’च राहते. खारघरच्या पांडवकडा धबधब्याला सोपी सहल म्हणून गेलेल्यांनी जीव गमावले आहेत आणि म्हणूनच तिथे पावसाळ्यात प्रवेशबंदी केली जाते. त्या चार महिन्यांत मी पायवाटा सोडतो आणि वनखात्याने ठरवलेल्या वेळांत येऊरच्या डांबरी रस्त्यावरच छत्री घेऊन चालतो. शिडी घाट दिवाळीनंतर, कातळ पुरता वाळल्यावर आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी करावा. त्या दिवशी शिड्यांपाशी थांबावे लागत नाही.